एकच शिंक

उभ्या रांगेतली शेवटची काडेपेटी पडली तशी मुलं ओरडली, “पुन्हा, मिस, पुन्हा!”

“थांबा. ही का पडली?” श्रीरंजनीनं विचारलं.

“मागचीनं ढकललं!”

“आणि मागचीला?”

उत्तरं येत होती, तेवढ्यात आया बादली घेऊन दाराकडे निघाली. मुलांमधल्या तुळजानं चटकन दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि आया बाहेर पडल्यावरच सोडलं. कुणीही दाराकडे निघालं की ती असंच करते, हे श्रीरंजनी काही दिवस पाहत होती.

तिरुवल्लिकेणीतल्या त्या तमिळ बालवर्गात मराठी घरातल्या तुळजा आणि श्रीरंजनी या दोघीच. मधल्या सुट्टीत श्रीरंजनी तुळजाजवळ बसली.

“नाक का धरतेस, कण्णा?” तिनं तिथल्या लाडाच्या शब्दानं विचारलं.

“शिंक येईल.”

“आली तर?”

“जाणारा पडेल. मी शिंकली, म्हणून अप्पा स्कूटरवरून पडला.”

“मी बाहेर जाते. तू शिंक. बघू काय होतं.”

तुळजानं तिचा पदर घट्ट धरला. “नको, मिस.”

“खोटी शिंक?”

“खोटी चालत नाही.” तिनं विचार केला. “दोन आल्या तर काही होत नाही. एकच वाईट.”

नियम पक्का होता, अपवादासकट. ‘तसं नसतं’ म्हणून तो मोडणार नव्हता. शिंक आणि पडणं यांच्यामध्ये काय झालं, हे कळायला हवं होतं; आणि ते पडणाऱ्यालाच ठाऊक.

शाळा सुटली तेव्हा तुळजाचे वडील शेषगिरी वर्गात आले, काखेत कुबडी. ओरगडमच्या कारखान्यातून ते रजेवर होते. सोबत त्यांची आई, गोदाबाई.

श्रीरंजनीनं तुळजासमोरच विचारलं, “तुम्ही पडलात कसे?”

“शिंक झाली तरी निघाला,” गोदाबाई म्हणाल्या. “ऐकतो कुठं?”

“ते घरातलं. रस्त्यावर काय झालं?”

शेषगिरींनी आईकडे पाहिलं. “राहू द्या, मिस.”

“हिला वाटतं, हिनं पाडलं तुम्हाला.”

ते तुळजाकडे वळले. मग म्हणाले, “फोन वाजला. एका हातानं खिशातून काढायला गेलो. पुढं खड्डा.”

“कुणाचा फोन?” तुळजानं विचारलं.

श्रीरंजनीला तिचं कौतुक वाटलं. पण शेषगिरींची नजर पुन्हा आईकडे गेली आणि सगळी साखळी तिच्या लक्षात आली. शिंक, फोन, हात, खड्डा. मधली जागा भरली होती आणि सुरुवातीला शिंकच उभी होती. विचारलंच नसतं तर बरं, असं तिला वाटलं.

“असेल कुणाचा तरी,” शेषगिरी म्हणाले.

“माझा,” गोदाबाई म्हणाल्या. “परत ये, पाणी पी, मग जा, हे सांगायला केला.”

“का?”

गोदाबाई मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. गुडघे छातीशी आले, डोळे नातीच्या डोळ्यांसमोर.

“भ्यायले,” त्या म्हणाल्या. “तुझा आजा असाच सकाळी निघाला आणि परत आला नाही. तेव्हापासून कुणी निघालं की भिते.”

“मग शिंक?”

“शिंक काय, नाकात येते. फोन मी केला.”

तुळजानं त्यांना निरखून पाहिलं. “आता पण भितेस?”

“आता पण.”

बाहेर रिक्षानं हॉर्न दिला. शेषगिरी कुबडी टेकत दाराकडे निघाले. गोदाबाईंनी मांडीवर हात एकमेकांत घट्ट गुंतवले. तुळजानं त्यांवर आपले दोन्ही हात ठेवले.

शेषगिरी उंबरठा ओलांडेपर्यंत दोघींपैकी कुणीच हललं नाही.