मयताची गाडी

"मिस ओडेसा गेल्यात. घरून उचला," एवढं बोलून फोन ठेवला गेला. आवाज गोऱ्या माणसाचा होता. गोरी माणसं आमच्या काळ्यांच्या वस्तीतल्या मयतांचे निरोप देत नाहीत. पण फोन आला की गाडी निघायची, हा आमच्या अंत्यविधीच्या दुकानाचा नेम. मी तिथे मयतांचे केस विंचरायचे आणि क्लीओफस टार्व्हर गाडी चालवायचा. त्याने मुकाट्याने टोपी घातली, मी शेजारी बसले.

मिस ओडेसा ओसरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. मला एकदम रडूच आलं. अख्खी वस्ती त्यांच्या हाताखाली शिकलेली. आता आमच्या लोकांची नावं मतदार यादीत घालायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. नावनोंदणीच्या कचेरीच्या वाटेवर पोलीस आमच्या गाड्या अडवायचे आणि माणसांना परत पाठवायचे.

आमची गाडी पाहून मिस ओडेसांनी सगळं ओळखलं. "माझ्यासाठी आलात होय? ब्रदर टार्व्हर, ही गाडी कुणी अडवतं का हो?"

"नाही बाई. गोरेसुद्धा टोप्या काढतात."

"मग आलाच आहात तर कचेरीत सोडा आम्हाला."

शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन त्या मागे बसल्या, मी पडदे ओढले. नाक्यावरच्या पोलिसाने खरोखरच टोपी काढून छातीशी धरली. मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते झाकायला मी मोठ्याने खोकले. तिघींची नावं लागली. परतताना मात्र कचेरीच्या पायरीवर उभा असलेला एक गोरा दाराबाहेरची आमची गाडी नीट पाहून घेत होता.

दुपारी पुन्हा फोन वाजला. क्लीओफसने घेतला; आवाज पुन्हा गोऱ्याचाच, मलाही ऐकू आला. नेहमीच्या सवयीने त्याने ऐकलेला पत्ता मोठ्याने परत म्हणून दाखवला. तो त्याच्याच घराचा होता.

मग सगळ्यांना विचारायचा त्याच हळू आवाजात म्हणाला, "बरं. घरच्यांना गाडी किती वाजता हवीय?"

त्याने फोन ठेवला आणि गाडी धुवायला बादली उचलली.

"इनेझ, सकाळी लवकर ये," तो म्हणाला. "मिस ओडेसांनी आणखी चौघांना कचेरीत न्यायला सांगितलंय."

वाकताना त्याने टोपी काढून टपावर ठेवली. त्याच्या पांढऱ्या केसांचा भांग कुठून पडतो, हे माझ्या नजरेने कामाच्या सवयीने टिपलं. मला स्वतःचाच राग आला आणि मी पडदे झटकायला आत गेले.