खाटेखालची रेघ

तांब्याच्या दोन्ही सळया दिव्यानीच्या खाटेवर येऊन एकमेकींवर आडव्या झाल्या, तेव्हा आशाबाईच्या हातात भाताचा चाटू होता. तो तिने समोरच्या माणसाच्या डोक्यात घातला नाही, एवढाच काय तो तिचा संयम.

समोरचा माणूस म्हणजे आदेश सर. नागपूरहून आलेले, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कातडी पिशवी. गावातले बडे असामी गुणवंतराव यांनी आपल्या कंबरदुखीसाठी त्यांना गावात आणलं होतं आणि त्यांच्या स्लॅबच्या घरानंतर सरांनी आणखी चार-दोन घरं पाहिली होती. आता आशाबाईचा नवरा लटारू याच्या मातीच्या घरात, चार वर्षांच्या नातीच्या खाटेशी उभं राहून ते सांगत होते की जमिनीखालून पाण्याचा एक प्रवाह आडवा गेला आहे, त्याच्यावर पृथ्वीची दूषित ऊर्जा वर येते आणि तिच्यावर जो झोपतो त्याची हाडं ती खाते. घरात सगळे श्वास रोखून ऐकत होते. मुलगा निकेश, सून रंजीता, दाराशी गुणवंतराव. दिव्यानी मात्र खाटेवर बसून त्या चकचकीत सळयांकडे हात करत होती. तिचे पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकले होते, धनुकलीसारखे.

"तुम्ही तर यातले जाणकार," आदेश सर लटारूला म्हणाले. "आपण एकाच विद्येतले. तुम्हीच तपासा ना."

इथेच घात झाला. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर लटारूने ऐकून सोडून दिलं असतं. पण लटारू हा पानाड्या. तरणा होता तेव्हापासून कडुलिंबाची बेचकी फांदी दोन्ही मुठींत धरून त्याने आसपासच्या किती गावांना पाणी दाखवलं, याची मोजदाद त्यानेही ठेवली नव्हती. विहीर असो की बोरिंग, आधी लटारूभाऊ शेतातून अनवाणी चालणार, फांदीचं टोक खाली झुकणार, तिथे नारळ फुटणार. त्याच्या गुरूने त्याला एक नेम घालून दिला होता. पाणी दाखवणाऱ्याने पाणी भरायचं नाही, हाताची विद्या जाते. तो नेम लटारूने असा पाळला की उभ्या जन्मात त्याने घरात पाण्याचा हंडा, गुंड म्हणतात तो, उचलला नाही. उचलायला आशाबाई होतीच.

लटारूने आढ्याला खोचलेली फांदी काढली. त्याची मान आता फिरत नसे, पाठही ताठरली होती, त्यामुळे बाजूला पाहायचं तर तो सगळा अंगासकट वळायचा. तसाच वळत, पाय घासत तो खाटेजवळ आला. फांदीचं टोक थरथरलं आणि झुकलं.

"हाय," तो म्हणाला. "पाणी हाय खाली."

आदेश सरांनी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. एका विद्येतल्या माणसाकडून घेत नाही म्हणाले. लटारूला त्याचं केवढं अप्रूप वाटलं. बाकीच्या घरांनी दिले, त्यातल्या प्रत्येक घराला सरांनी सांगितलं की तुमच्या लटारूभाऊंनीही हेच पाहिलं.

आशाबाईला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर याचा, की उत्तर आधीच मिळालेलं होतं. पावसाळ्याआधी तिने आणि रंजीताने पोरीला एसटीने गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचे पाय पाहिले, दात पाहिले, मग आशाबाईलाच तोंड उघडायला लावलं आणि तिच्या दातांवरचे तपकिरी पट्टे पाहून विचारलं की पाणी कुठलं पिता. गावच्या बोरिंगचं. त्या पाण्यात फ्लोराइड असेल, ते हाडांत जाऊन बसतं, पाणी बदला, पोर लहान आहे, अजून पाय सरळ होऊ शकतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुढे तालुक्याहून माणसं आली, बाटलीत पाणी नेलं आणि महिन्याभराने येऊन बोरिंगला लाल रंग फासून गेली. हे पाणी पिऊ नका, असा त्या रंगाचा अर्थ.

गावाला तो रंग झोंबला. पाहुणे काय म्हणतील, पोरींची लग्नं कशी होतील. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून जो निळा रंग उरला, तो कोणीतरी बोरिंगला फासला. पोळ्याच्या सकाळी बैलांची शिंगं निळी आणि बोरिंगही निळं. सगळे हसले, आणि गुंड घेऊन पुन्हा रांगेला लागले.

ते बोरिंग लटारूने दाखवलेलं होतं. निकेशच्या जन्माआधीचं, गावातलं पहिलं. त्याआधी बाया नाल्यात झिरे उकरून पाणी आणत. बोरिंगला पाणी लागलं त्या दिवशी लोकांनी लटारूला खांद्यावर घेऊन मारुतीच्या पारापर्यंत नेलं होतं. त्याच पाण्याने त्याची स्वतःची मान आखडली, हे कोणत्या तोंडाने मानायचं? म्हणून डॉक्टरीणबाईचं बोलणं त्याने कानाआड केलं. आता आदेश सरांनी त्याला हवं तेच आणून दिलं. दोष पाण्याचा नाही, जागेचा.

खाट हलली. घराच्या चार कोपऱ्यांत तांब्याच्या खुंट्या ठोकल्या आणि दिव्यानीला बाहेरच्या छपरीत झोपवू लागले. धानाची कापणी झाली होती, थंडी पडली होती. पोरीला खोकला धरला, पाय होते तसेच राहिले. निकेश म्हणायचा, सरांनी सांगितलंय वेळ लागेल. बाप म्हणतो, सर म्हणतात, मग आपण कोण. आशाबाईला वाटे की या घरातल्या पुरुषांची अक्कल गहाण पडली आहे आणि सोडवून आणायची कोणाला घाईही नाही.

शेवटी एका सकाळी तिने गुंड उचलला आणि थेट बौद्ध वस्तीची वाट धरली.

वस्तीतल्या विहिरीची एक हकीकत होती आणि ती आशाबाईला चांगली ठाऊक होती. पुष्कळ वर्षांपूर्वी तिथली माणसं लटारूकडे आली होती, आम्हालाही पाणी दाखवा म्हणून. लटारू गेला, फांदी धरून चालला, आणि जागाच वाईट आहे, खोदू नका, असं सांगून परत आला. फांदी झुकलीच नव्हती की गावातल्या बड्यांना तिकडे विहीर नको होती, हे तिने तेव्हा विचारलं नाही. वस्तीतले बापूराव तेव्हा ऐन जवानीत होते. त्यांनी आणि वस्तीतल्या साऱ्यांनी मिळून एका उन्हाळ्यात हातांनी विहीर खोदली. उथळच, पण पावसाच्या झिरपणीने भरणारी. ती कधी आटली नाही. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तालुक्याच्या माणसांनी तिचंही पाणी तपासलं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. विहिरीला लाल रंग लागला नाही. लटारू त्या वाटेला पुन्हा फिरकला नव्हता.

बापूरावांची बायको बायनाबाई विहिरीवर भांडी घासत होती. आशाबाईला पाहून तिने हात थांबवला.

"पाणी पाह्यजे होतं," आशाबाई म्हणाली. "नातीसाठी."

"भरा जी. विहिरीवर कोणाले नाई म्हटलं नाई आमी," बायनाबाई म्हणाली. मग राखेचा हात धुता धुता पुढे बोलली, "पर एक इचारतो, आशाबाई. तुमच्या बुड्यानं सांगतलं होतं ना, इथची जागा वाईट हाय म्हणून?"

आशाबाईने दोर विहिरीत सोडला. लाज पोटभर होती. भरलेला गुंड डोक्यावर चढवायला बायनाबाईनेच हात लावला. आशाबाईचे गुडघेही आता साथ देत नव्हते, पण ती रोज जायला लागली.

चार दिवसांत गावात कुजबुज झाली. उघड कोणी काही म्हणेना, पण तिकडचं पाणी, असा शब्द फिरायला लागला. हेच लोक मूल गावच्या बाजारात उभे राहून समोसे खातात तेव्हा ते कोणाच्या हातचे हे विचारत नाहीत, घरी आल्यावर मात्र यांना सगळं आठवतं. गुणवंतरावांनी लटारूला पारावर गाठून समजावलं की तुझी बायको तिकडे जाते म्हणजे तुझ्या बोरिंगला तूच वाईट म्हटल्यासारखं होतं. रात्री घरी जेवताना आशाबाईने भरलेला तांब्या त्याने बाजूला सारला आणि रंजीताला बोरिंगचं पाणी आणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आशाबाई गुणवंतरावांकडे धान पाखडायला गेली. सूप आणायला आत गेली तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआड तिला पाण्याची मोठी निळी कॅन दिसली, तालुक्याहून येते तशी. शेजारी एक रिकामीही होती. तिने सूप उचललं, बाहेर येऊन दिवसभर धान पाखडलं. सुपाच्या प्रत्येक झटक्याला तिच्या मनात एकच यायचं. हा माणूस स्वतः शहरातलं पाणी विकत आणून पितो आणि माझ्या नातीने बोरिंगचंच प्यावं म्हणून पारावर बसून माझ्या नवऱ्याला शिकवतो.

आदेश सर पुन्हा आले तेव्हा पोरगी छपरीत निजली होती. सोबत गुणवंतराव होते, मागे शेजारपाजारची माणसं. सरांनी सळया बाहेर काढल्या, अंगणातून चालत आले आणि सळया छपरीतल्या खाटेवर येऊन पुन्हा आडव्या झाल्या.

"रेषा सरकली आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "असं होतं कधीकधी."

"कुठी सरकली?" आशाबाईने विचारलं.

"इकडे. मुलीच्या बाजूला."

"म्हंजे पोरगी आत होती तवा आत होती. पोरगी भायेर आली तं रेघ बी मांगं मांगं भायेर आली." आशाबाईचा आवाज चढला नव्हता. ती गुणवंतरावांकडे वळली. "भाऊ, रेघ तं तुमच्या घराखालून बी गेली म्हणे. मंग तुमी खुंट्या ठोकून बोरिंगचंच पाणी प्या ना. दाराआड निळी कॅन काऊन लपवून ठेवली?"

गुणवंतराव लाल झाले. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आदेश सरांनी मात्र हसून हात वर केला आणि म्हणाले की आजी, हे शास्त्र आहे, यात रागाचं काम नाही, माझ्यावर विश्वास नसेल तर घरच्या जाणकारावर ठेवा. त्यांनीच मागच्या वेळी तपासलं होतं, आताही तेच तपासतील.

फांदी कोणीतरी लटारूच्या हातात दिली. तो खाटेपाशी येऊन उभा राहिला. मुठी वळल्या, टोक पुढे झालं. खाली दिव्यानी पाय पोटाशी घेऊन निजली होती आणि झोपेतच खोकत होती. त्याला मान वाकवता येत नव्हती, म्हणून नात नीट दिसावी यासाठी तो एक पाऊल मागे सरकला. फांदी हलली नाही.

मग त्याने ती फांदी खाटेच्या कडेला टेकवून ठेवली.

"मागल्या टायमाले सर कुठी थांबले, ते मले दिसलं होतं," तो म्हणाला. "माह्या हाताले ठाऊक होतं. लाकूड नाई झुकत. हात झुकते."

"मंग बोरिंग कसं सापडलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"तिथी उंबर होता, वारूळ होतं, जमीन उतरती होती. डोळ्यानं पाह्यलं, मंग हात गेला. पाणी हाय, एवढं समजलं." लटारू अंगासकट त्या आवाजाकडे वळला. "पाणी कसं हाय, ते कोणतंच लाकूड सांगत नाई."

आयुष्यभराची विद्या त्याने अशी भर अंगणात उतरवून ठेवली, आणि त्या आदेश सरांना त्याची लाज वाटली का? छे. त्यांनी सळया पिशवीत सरकवल्या, या घरात नकारात्मकता फार आहे असं म्हटलं आणि आले त्याच गाडीने पुढच्या गावाला गेले. तिथेही कोणाची तरी खाट असेलच. गुणवंतराव त्यांना पोचवायला गेले ते आठवडाभर पारावर दिसले नाहीत. बोरिंगवरची रांग दुसऱ्या दिवशीही होती, थोडी आखूड झाली होती इतकंच.

आशाबाईचा राग गेला नव्हता, आणि इतक्या वर्षांचा राग एका संध्याकाळी कसा जाईल. त्या रात्री पोरीची खाट आत आली, चुलीजवळ. निकेशने कोपऱ्यांतल्या खुंट्या उपटल्या.

सकाळी आशाबाई गुंड घ्यायला गेली तर गुंड जागेवर नव्हता. दुसराही नव्हता. माळ्यावरची जुनी कावडही दिसेना. ती दारात आली, तर लटारू वस्तीच्या वाटेने चालला होता, खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना रिकामे गुंड. ताठ मानेने, कारण दुसरी मान त्याला उरलीच नव्हती. वाटेतल्या बाया बाजूला होऊन पाहत होत्या. आशाबाई पदर सावरत त्याच्या मागे निघाली, पण जवळ गेली नाही.

विहिरीवर बापूराव होते. त्यांनी लटारूला पाहिलं आणि बादलीचा दोर त्याच्याकडे सरकवला. लटारूने तो घेतला आणि काठाशी उभा राहिला. त्याला खाली वाकून पाहता येईना. विहिरीत पाणी किती खोल आहे, हे त्याला दिसत नव्हतं. हातातला दोर तो चाचपडत सोडत राहिला आणि मध्येच थांबला.

"सोडा, लटारूभाऊ," बापूराव त्याच्या बाजूला येऊन विहिरीत पाहत म्हणाले. "आनखी सोडा. थोडं. हां, लागलं पाणी."