ब्रेक बसायच्या आधी

दामिनी नांदेडहून परतली तेव्हा तिच्या हातात डिस्क ब्रेकचं खोकं होतं. एसटीत सगळा प्रवास तिनं ते मांडीवर धरलं होतं. लातूरच्या स्टँडवरून रिक्षा करून ती गॅरेजवर पोचली, तर जीप जागेवर नव्हती. तेलाचा एक डाग तेवढा उरला होता.

"अप्पा, जीप कुठंय?"

तिचे वडील रामलिंगअप्पा टेबलामागं चहा पीत बसले होते. "रविकिरण घेऊन गेला."

"घेऊन गेला म्हणजे?"

"किल्ली मागितली, दिली. रेणापूरला देवीला जाऊन येतो म्हणला. चंद्रप्पाअण्णाचं पोरगं हाय, न्हाई कसं म्हणू?"

दामिनीनं खोकं जमिनीवर ठेवलं.

जीप चंद्रप्पांच्या वडिलांची, पन्नास वर्षांपूर्वीची. चंद्रप्पांचं लातुरात कापडाचं दुकान. त्यांच्या मुलाला, रविकिरणला, आजोबांची जीप हवी होती, पण पळणारी. म्हणून अपघातात मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं टर्बो डिझेल इंजिन त्यानं आणलं, आणि तीन महिने दामिनी त्या कामात बुडाली. चॅसिसला इंजिन पेलणारे नवे माउंटिंग वेल्ड केले. रेडिएटर पुढं सरकवला. टर्बोची तापलेली हवा गार करायला जाळीमागं इंटरकूलर बसवला. नुसत्या वायरिंगला सोळा दिवस लागले. जुन्या इंजिनावर ही जीप साठाला धापा टाकायची. नव्यावर ती शंभराला कधी पोचेल ते कळणारही नव्हतं. ब्रेक मात्र अजून आजोबांच्या काळातलेच होते.

म्हणून तिनं बॉनेटवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ब्रेक बाकी.' रविकिरणला सांगितलं होतं. अप्पांनाही सांगितलं होतं, तेही त्याच दिवशी सकाळी, एसटीला जाताना.

"तुम्हाला काय सांगून गेल्ते मी?"

"हळू चालवतो म्हणला."

"अन् तुमी ऐकलं! चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करून राहिले, तुमाला कळत न्हाई ही हळू चालत नसती? मला फोन का न्हाई केला?"

"प्रत्येक गोष्ट तुला इचारायची का?" अप्पांचाही आवाज चढला. "गॅरेज अजून माझ्या नावावर हाय."

वेल्डिंग, इंजिन, रात्रंदिवसाचं डोकं दामिनीचं, आणि नाव मात्र त्यांचं. हे तिला माहीत होतंच, पण आज ते तोंडावर फेकलं गेलं होतं. तिनं गॅरेजच्या पिकअपची किल्ली उचलली आणि निघाली.

वाटेत तिनं रविकिरणला तीनदा फोन लावला. दोनदा त्यानं कट केला, तिसऱ्यांदा उचललाच नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं ती बघत होती. रस्त्याकडेला कुठं गर्दी जमलेली दिसली की ती वेग कमी करून गर्दीत जीप शोधायची. पुढं गेल्यावर ती भाजीवाल्याभोवतीची गर्दी निघायची, आणि मग राग दुपटीनं उसळायचा.

रेणापूरच्या अलीकडं एका रसवंतीपुढं जीप उभी दिसली. रविकिरण मोबाईलवर तिचं शूटिंग करत होता. त्याची बायको तनुजा आणि पाच वर्षांची मुलगी बाकावर रस पीत बसल्या होत्या. बॉनेटवरचा खडू पुसून टाकला होता.

दामिनी खाली उतरली आणि तिला आधी वास आला. जळका, कडवट. ती पुढच्या चाकाजवळ वाकली. हात लावायची गरजच नव्हती, चटका वीतभर अंतरावरूनच जाणवत होता.

"अरे ताई, तुमी!" रविकिरण हसत पुढं आला. "काय काम केलंय! शंभराला लागली तरी कळलं न्हाई बघा."

"थांबताना कळलं का?"

त्याचं हसू तिथंच अडकलं.

"हा वास कसला येतोय, सांग."

"इंजनाचा असंल. नवीन हाय ना."

"इंजनाचा न्हाई. तुझे ब्रेक जळालेत. थांबताना काय झालं, ते इचारून राहिले मी."

"काय न्हाई झालं ताई, तुमी उगी..."

"झालं," तनुजा बाकावरून म्हणाली. तिनं ग्लास खाली ठेवला. "पुढं उसाची ट्रॉली होती. यांनी ब्रेक दाबला अन् गाडी थांबंना. रस्त्याच्या खाली घातली, पार लिंबाच्या झाडापर्यंत गेली. मला म्हणले, मुद्दाम घातली, पोरीला मजा यावी म्हणून." ती नवऱ्याकडं वळली. "ब्रेक बाकी हाय हे तुमाला ठाव होतं?"

रविकिरणनं पाकीट काढून रसाचे पैसे मोजायला घेतले.

दामिनीनं बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डबीतून एक रिले उपटला आणि खिशात टाकला. आता ती जीप चालू होणार नव्हती.

"ए, हे काय करता? माझी गाडी हाय ती!"

"गाडी तुझी. इंजन तुझं. त्या पोरीचा जीव पण तुझ्या बापाचा माल हाय का?"

"बापावर जाऊ नका, ताई! सांगून ठिवतो."

"जाईन! तुझ्या बापाचं नाव सांगूनच किल्ली घेतलीस ना? खडूनं लिहिलं होतं ते कशानं पुसलंस? हातानं का रुमालानं? पुसताना वाचलं असंलच की!"

रसवंतीवाला चरक बंद करून बघत होता. दोन मोटरसायकली थांबल्या. तनुजानं मुलीला उचललं आणि मुकाट्यानं पिकअपमध्ये जाऊन बसली.

"अगं, तू कुठं चालली?"

"घरी."

"मी क्रेन पाठवते," दामिनी त्याला म्हणाली. "तवर रस पी."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला चंद्रप्पा गॅरेजवर आले. दामिनी जीपखाली होती. तिला फक्त त्यांचं पांढरं धोतर आणि चपला दिसत होत्या.

"शरणार्थ, अण्णा. बसा," अप्पा हात जोडून म्हणाले.

"बसायला न्हाई आलो, रामलिंग. तुझ्या पोरीनं भर रस्त्यात माझ्या पोराची इज्जत काढली. सून तवापासून बोलंना त्याला. तू काय सांगणार हाईस तिला, ते ऐकायला आलोय."

दामिनी पाना हातात धरून तशीच पडून राहिली. अप्पा आता काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. लेकरू हाय, चुकलं, माफ करा.

अप्पा उठले. "हिकडं या, अण्णा."

त्यांनी चंद्रप्पांना पुढच्या उघड्या चाकाशी आणलं. चाकातून काढलेला जुना ब्रेक ड्रम उचलून त्यांच्या हातात दिला. आतून तो तापून निळा पडला होता, आणि ब्रेक शूचं अस्तर कोळसा होऊन सुटून आलं होतं.

"ह्याच्यावर तुमची नात बसून गेली काल. माझी पोरगी न्हाई म्हणत होती. किल्ली म्या दिली. इज्जत काढायची तर माझी काढा."

चंद्रप्पांनी ड्रमच्या आतून बोट फिरवलं, ते काळं झालं. मग तो खाली ठेवून, हात पुसायला फडकंही न मागता, निघून गेले.

दामिनी जीपखालून बाहेर आली. "हे काल बोलायचं होतं, अप्पा. मला."

"हाव," अप्पा म्हणाले. ड्रम उचलून बाजूला ठेवत पुन्हा म्हणाले, "तुझ्या नावाची पाटी करून घेऊ."

"पाटीचं बगू. आधी किल्ल्या माझ्याकडं द्या."

त्यांनी खिळ्यावरचा जुडगा काढून तिच्यासमोर ठेवला. तरी पुढचे पंधरा दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. जेवायला एकत्र बसायची, पण मान वर करायची नाही. नवे ब्रेक बसवले, नळ्या बदलल्या, ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलेंडर मोठा घातला. मग रविकिरणला बोलावून घेतलं. तो एकटाच आला, खाली मान घालून.

"बस. तूच चालवणार."

ती त्याच्या शेजारी बसली. गावाबाहेरच्या मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर तिनं त्याला जीप ऐंशीला नेऊन ब्रेक दाबायला लावला. जीप सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा. आठव्या वेळेला त्याच्या कपाळावर घाम होता.

"ताई, अजून राग हाय का?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "दाब अजून एकदा."