बुधाजीशेठचा डावा पाय

चाक थांबवणारा मी बोलतोय. होय, ब्रेक पॅड! नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात, टेप मोठ्यानं लावून बघतात. माझी साधी चौकशी कुणी करत नाही. आणि मी नसलो की मात्र सगळ्यांना एकदम देव आठवतो.

तळहाताएवढी लोखंडी पट्टी आणि तिच्यावर काळा, खरखरीत थर, एवढाच माझा देह. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिला एका बाजूनं मी धरायचं, दुसऱ्या बाजूनं माझ्या भावानं, की गाडी थांबते. झिजणं हेच आमचं काम, त्याबद्दल तक्रार नाही. पण झिजायलाही काही वय असतं की नाही? चांगले दोन पावसाळे तरी बघावेत! मी धड दोन महिनेही पाहिले नाहीत. त्याचीच ही हकिकत.

साल हेच, अठ्ठ्याण्णव. पनवेलला हमरस्त्याला लागून गुरुदत्त मिस्त्रीचं गॅरेज आहे. मुंबईहून खोक्यात बसून मी तिथे आलो. खोकं फोडल्यावर गुरुदत्तनं माझ्यावरचा शिक्का निरखून वाचला, नखानं खरवडून पाहिला आणि म्हणाला, "माल असली आहे. आता तरी टिक रे बाबा. माझी अब्रू तुझ्या हातात आहे." मला हात नाहीत, पण छाती फुगली हे खरं.

मला बसवलं एका अगडबंब परदेशी गाडीच्या पुढच्या चाकात. गाडी कसली, चाकांवरचा बंगलाच! ती होती कामोठ्याच्या बुधाजीशेठची. शेठ म्हणजे कालपरवापर्यंत टेम्पो हाकणारा बुधाजी. करंजा बंदरावर मासळी भरायची आणि पनवेलच्या बाजारात उतरवायची, यात त्याची वीस वर्षं गेली. मग गावाभोवती नवं शहर आलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, बुधाजीच्या गळ्यात जाडजूड साखळी आली आणि दारात ही गाडी, कुणा सिनेमावाल्यानं वापरून सोडलेली. टेम्पो गेला बायकोच्या भावाकडे, काळूरामकडे.

या गाडीत गियर आपोआप पडायचे, त्यामुळे क्लच नव्हताच. पायाशी दोनच पायडल, एक पळायचं आणि एक थांबायचं. दोन्ही उजव्या पायानं दाबायची, डाव्यानं स्वस्थ बसायचं. पण वीस वर्षं क्लच दाबलेला पाय तो, स्वस्थ बसतोय होय! गाडी सुरू झाली की डावा पाय आपसूक पुढे सरकायचा आणि सापडेल त्या पायडलवर टेकायचा. सापडायचा नेमका ब्रेक.

उजवा पाय म्हणे चल, डावा म्हणे थांब, आणि दोघांच्या भांडणात माझा जीव चालला. त्यात गाडीचं वजन, शेठचं वजन, शेजारी त्याची बायको ठमाबाई आणि मागे बाजाराच्या पिशव्या. कामोठ्याहून पनवेल येईपर्यंत मी तव्यासारखा तापायचो. बरं, ते दिसावं कुणाला? शेठची लुंगी पांढरीशुभ्र आणि घोळदार. तिच्याखाली दोन पाय आहेत की चार, कुणाला कळणार! आणि दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देईल तर शप्पथ.

शेवटी मी किंचाळायला लागलो. "किर्रर्र! पाय काढ! पाय काढ!" पण आमची भाषा माणसाला कुठली कळायला?

माझ्या आधी दोन जोड असेच गेले होते. तिसऱ्यांदा तोच आवाज ऐकून शेठचं डोकं फिरलं. कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपरीवर उभा राहून तो गरजला, "गुरुदत्त डुप्लिकेट माल घालतो! मला फसवतो, तर तुमची काय कथा!"

झालं. ट्रकवाले गॅरेजकडे फिरकेनात. एकदा जासईजवळ बुधाजीचा टेम्पो भरल्या मासळीनिशी बंद पडला होता, तेव्हा मासळी नासायच्या आत तो चालू करून दिला होता याच गुरुदत्तनं. हे मला गॅरेजमधल्या पान्यांनी सांगितलं होतं. टपरीवरचं शेठचं ते बोलणं चाकात बसून ऐकताना मला इतका राग आला म्हणून सांगू! सगळं माहीत असून माझी दातखीळ बसलेली.

चार दिवसांनी शेठ ठमाबाईसकट गॅरेजात हजर. "हे बग, परत वाजतंय. आता गाडी ठाण्याला नेतो. तुजं-माजं संपलं!"

गुरुदत्तनं चाक काढलं, वाकून मला पाहिलं. माझा थर संपून लोखंड उघडं पडलं होतं. "शेठ, आईची शप्पथ, माल असली आहे."

"मंग काय उंदरानं खाल्ला?"

तेवढ्यात काळूरामचा टेम्पो आला. भर दुपारी मागचे दोन्ही लाल दिवे झगझगीत पेटलेले.

"मिस्त्री, बॅटरी रोज बसते. सकाळी चार मानसं ढकलायला लागतात."

"बसणारच. दिवसाढवळ्या दिवे कशाला लावलेस?"

"मुद्दाम कायमचे पेटते करून घेतलेत," काळूराम मिशीवर हात फिरवत म्हणाला. "भावजींच्या गाडीचे नाय का, घरापासून बाजारापर्यंत पेटलेले असतात! मोठ्या गाडीची शान हाय ती."

गुरुदत्तच्या हातातला पाना तसाच राहिला. भर दिवसा ब्रेक दाबल्याशिवाय शेठच्या गाडीचे ते दिवे पेटत नाहीत, हे मिस्त्रीला वेगळं सांगायला नको होतं. "शेठ, जरा वर बसा. रोज बसता तसे."

शेठ बसला, स्टिअरिंग धरलं. आणि माझ्या पाठीवर तोच ओळखीचा दाब आला.

"बगा, पेटले!" मागून काळूराम ओरडला. "मी काय खोटं सांगतो?"

शेजारी बसलेल्या ठमाबाईंनी लुंगीचा घोळ उचलून खाली पाहिलं. "अवो, ह्यो डावा पाय कुठं ठेवलाय?"

"रोज असतो तिथंच हाय," शेठ म्हणाला. मग त्यानंही खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

गुरुदत्त मटकन टायरवर बसला. हसावं की रडावं त्याला कळेना, डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं. सुटलो बाबा!

"कळंबोलीला जाऊन बोंबललात ना?" ठमाबाई कडाडल्या. "आता तितंच जायाचं. त्याच तोंडानं आनि तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं!"

गुरुदत्तनं नवा जोड बसवला. शेठ त्याला शेजारी बसवून टपरीवर घेऊन गेला आणि सगळ्या ट्रकवाल्यांदेखत म्हणाला, "माल असली होता, डुप्लिकेट माजा पाय हाय!" ट्रकवाले चहा सांडेपर्यंत हसले. संध्याकाळी गॅरेजसमोर दोन ट्रक उभे होते.

पण त्या पायाचं करायचं काय? ठमाबाई म्हणाल्या, सीटला बांधून टाका. गुरुदत्तनं मला उचललं, दोन भोकं पाडली, खाली स्प्रिंग लावली आणि क्लच असतो त्या जागी डावीकडे मला ठोकून बसवलं.

आता मी तिथेच असतो. म्हैस आडवी आली की शेठचा डावा पाय धाडकन माझ्यावर येतो. मी खाली जातो, वर येतो, बाकी काही होत नाही. गाडी थांबवतात उजवा पाय आणि चाकातली नवी पोरं. शेठ मात्र कौतुकानं माझ्याकडे बघतो. बघू दे! तुम्हीही गाडी सुरू करण्याआधी एकदा खाली बघत जा, आपला रिकामा पाय कुठे आहे ते. चाकात कुणीतरी तुमच्यासाठी झिजत असतं हो.

काळूरामचे दिवे अजून पेटलेलेच असतात. शान ती शान, म्हणतो.

आणि काल एक नवल झालं. पुढे एस्टी थांबली तशी ठमाबाईंनी घाबरून दोन्ही पायांनी गाडीची जमीन दाबली, आणि गॅरेजशी आल्यावर खिडकीतून हाक मारली, "ओ मिस्त्री, ह्याच्या जोडीचा दुसरा हाय ना? माज्या पायाशी पन लावा!"

म्हणजे माझा भाऊ येतोय. जन्मभर आमच्या मधे ती तबकडी होती, कधी भेट म्हणून झाली नाही. उद्यापासून शेजारी बसणार आम्ही.