माणूस खाणारी झाडं

"रक्त! झाडाला रक्त आलं!"

भर दुपारी शाळेच्या रस्त्यावर दोनशे माणसं ओरडत होती आणि मी, औषधांचा दुकानदार, शटर अर्धं ओढून आत उभा होतो. शूर म्हणून माझी ख्याती कधीच नव्हती, पण डोळे शाबूत होते. भगव्या कफनीतल्या एका बाबाने पितळी तांब्यातलं पिवळं तीर्थ झाडाच्या पांढऱ्या बुंध्यावर ओतलं आणि लालभडक ओघळ थेट मातीपर्यंत उतरले.

"राक्षस आहे हा, राक्षस!" बाबा गरजला. "सुवर्णतीर्थापुढे पाप लपत नाही. बारा झाडं, बारा माणसं! एक खाल्ला, अकरा बाकी!"

मेलेला माणूस मात्र खरा होता. चार दिवसांपूर्वी खडीचा ट्रक उतारावर सुटला आणि या झाडावर आदळला. ड्रायव्हर जागीच गेला. झाडांच्या पलीकडे, सावलीच्या पायवाटेने, तेव्हा शाळेतली पोरं घरी निघाली होती. झाड आडवं आलं नसतं तर त्या दिवशी किती घरांत रडारड झाली असती, हे कुणीच बोलत नव्हतं. बाबाला आणलं होतं ट्रकच्या मालकाने, स्वतः गाडी पाठवून. मालकाला एवढा कळवळा आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ड्रायव्हरच्या थोरल्या भावाने कुऱ्हाड उचलली. तशी माळीणबाई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. नऊ वर्षं डोक्यावरून पाणी वाहून तिनेच ती झाडं वाढवली होती.

"दादा, झाडाने नाही मारलं हो तुमच्या भावाला."

"बाजूला हो!"

"हीच ती! हिनेच राक्षस पाळलेत!" बाबाने आगीत तेल ओतलं.

पहिला दगड तिच्या भुवईवर बसला. दोघांनी केस धरून तिला खाली पाडलं, लाथा घातल्या. तरी तिने बुंधा सोडला नाही, तेव्हा भावाने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला दुकानात ऐकू आला. मी तेव्हाही आतच होतो. त्याची लाज आजही वाटते.

गर्दी चिरत आली ती तिची सासू. सत्तरी उलटलेली, काटकुळी, हातात हळदीची डबी.

"मारून झालं ना? आता सरका. लेप लावू द्या मला."

आता कुठे माझे पाय हलले. बँडेज घेऊन धावलो. "आजी, हाड मोडलंय. लेपाने जुळायचं नाही, प्लास्टर लागेल."

"कळतं मला. नेईपर्यंत सुजेला तरी लावू दे."

वाळवी लागू नये म्हणून माळीणबाईने आदल्या दिवशीच बुंध्यांना चुना फासला होता. बादली तिथेच पडली होती. म्हातारीने त्यातला बोटभर चुना घेतला, तळहातावर हळदीत कालवला आणि थबकली. तळहाताकडे पाहिलं, मग बुंध्याकडे.

"अगं बाई! सूनबाई, राक्षस माझ्या हातालाही चिकटला बघ!"

तळहात लालभडक झाला होता.

हळदीला चुना लागला की लाल होते. मुका मार लागलेल्या प्रत्येक घरात हे ठाऊक असतं. त्या दोनशे जणांनाही ठाऊक होतं, पण घरी. गर्दीत येताना सगळे अक्कल उंबऱ्याआत ठेवून आले होते, आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेला मीसुद्धा त्यांच्यातलाच.

"बाबा, तांब्या द्या इकडे," म्हातारी म्हणाली.

"शिवू नकोस! हात झडेल!"

"झडू दे. सुनेचा मोडलाच आहे."

तांब्या मी हिसकावला. समोरच्या जुन्या, चुना न लावलेल्या झाडावर थोडं तीर्थ ओतलं. साल नुसतीच पिवळी झाली.

"हे शाकाहारी दिसतंय," म्हातारी म्हणाली. दोघंतिघं हसले.

मालकाच्या कुंपणाची भिंत शेजारीच होती. त्याच बादलीतला चुना मागून नेऊन त्याच्या नोकरांनी ती कालच रंगवली होती. उरलेलं तीर्थ मी भिंतीवर भिरकावलं.

भिंतीला रक्त फुटलं. आता कुणी हसलं नाही.

भाऊ भिंतीकडे बघत राहिला. "दोनदा," तो म्हणाला. "ब्रेक लागत नाहीत म्हणून धाकट्याने यांना दोनदा सांगितलं होतं. माझ्यासमोर."

"अरे, तू दुःखात आहेस..." मालक मागे सरकला.

बाबाच्या थोबाडीत बसली. कुणीतरी त्याची दाढी उपटली. मघाचेच हात पुन्हा दगड शोधू लागले, आणि भाऊ कुऱ्हाड उगारून मालकावर धावला.

"दादा, नको!" माळीणबाई जमिनीवरून ओरडली. तिचा एक डोळा रक्ताने मिटला होता. "मघाशीही तुम्ही न विचारताच मारलंत!"

कुऱ्हाड तशीच हवेत राहिली. मग तो मटकन खाली बसला.

पोलीस आले. त्यांनी ट्रक ताब्यात घेतला, मालक आणि बाबाला गाडीत घातलं. भाऊ आपणहून पुढे झाला. "हिचा हात मी मोडला," म्हणाला. "मलाही न्या."

तो हात थोडा वाकडाच जुळला. ती आता डाव्या हाताने पाणी घालते. बाराही झाडं उभी आहेत आणि पोरं त्यांच्याआडूनच शाळेत जातात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी झाडातून रक्त काढून दाखवलं, तर दगड उचलण्याआधी तांब्यात काय आहे ते विचारा. आणि तांब्यावाल्याला गाडी कुणी पाठवली, तेही विचारा. शटरच्या मागे उभं राहून नाही, बाहेर येऊन विचारा.