मुंगीचा डोळा

कुंडीतल्या पानावरच्या मुंग्यांनी तीन रविवार माझा अंत पाहिला होता. फोटोत पाय स्पष्ट यायचे, डोळा मात्र कायम धूसर. मी लेन्सला शिव्या घातल्या, वाऱ्याला घातल्या, शेवटी कुंडी हलवली म्हणून बायकोशीही भांडलो.

सासरे गॅलरीत बसून हे सगळं ऐकत होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गेल्या वर्षी, कंटाळा आला असं सांगून, त्यांनी दुकान बंद केलं होतं.

"जावईबापू, ती लेन्सची रिंग कशाला पिळताय?" ते म्हणाले. "आम्ही डोळ्याला भिंग लावलं की त्याला हात लावत नसू. आपलं डोकंच केसभर पुढेमागे करायचं. दिसलं की थांबायचं."

घड्याळजीनं मला फोटोग्राफी शिकवावी, हे काही पचलं नाही. तरी फोकस एका जागी ठेवला, श्वास रोखला आणि नुसता पुढे झुकलो. डोळा लख्ख आला.

मी ऐटीत कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोकं जवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"वा, डोळा अगदी स्पष्ट आलाय."

मी कॅमेरा परत घेतला. स्क्रीनवर चुकून मागच्या रविवारचा धूसर फोटो उघडला होता.