साडेएकोणीस इंच

मी देवाजीची एकनळी बंदूक बोलतेय. दचकू नका. माझ्या पोटात काडतूस नाही आणि गळ्यात चिठ्ठी बांधलेली आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ठाण्याच्या मालखान्यात मी पडून आहे.

देवाजीच्या बापानं, उदारामनं, रानडुकरांपासून धान राखायला मला परवान्यावर घेतलं. तो गेल्यावर परवाना देवाजीच्या नावावर झाला. तेव्हा माझी नळी तीस इंचांची होती. खोटं कशाला बोलू, तिचा मला ताठा होता. तशी मी उभ्या आयुष्यात मारली ती हवाच. वर तोंड करून बार काढायचा, डुकरं पळायची, की झालं काम. निवडणूक आली की देवाजी मला पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर ठाण्यात आणायचा, जमा केल्याची चिठ्ठी घ्यायचा आणि निकाल लागला की घरी न्यायचा. चार दिवसांचं माहेरपणच म्हणा ना.

मग एकदा धान भरात असताना त्यानं मला बांधावर तोंड खाली करून टेकवलं. नळीत चिखल गेला. त्यानं पाहिलं नाही आणि मला सांगता आलं नाही. बार काढला तसं माझं तोंड चार बोटं फाटलं, सोललेल्या केळ्यासारखं. देवाजीला खरचटलंसुद्धा नाही, तेवढी काळजी मी घेतली.

तो मला ओमेश मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेला. मिस्त्री नळी चाचपून म्हणाला, "फुगवटा कुठवर गेला काई नेम नाई. चांगला मांगून कापतो." त्यानं साडेदहा इंच कापलं. माणूस कामाचा चोख होता, हेच नडलं.

तो तुकडा देवाजी फेकणार होता. त्याची बायको पार्वताबाई म्हणाली, "काऊन फेकता? मले फुकनी होते." घरी गॅस होता, पण आंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात होती. कापलेलं टोक ओठाशी, फाटलेलं टोक निखाऱ्यात.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. ती अंगणात फुंकायची आणि आत कोपऱ्यात माझ्या कापल्या तोंडावर तिचा ऊन श्वास यायचा. मी घाबरले. लोखंडाला श्वास कुठला? पण रोज पहाटे यायचा तो. पुढं त्याची सवय झाली.

यंदा निवडणुकीला देवाजीनं मला नेहमीसारखं ठाण्यात आणलं. हवालदार नंदलाल जुना ओळखीचा. मला बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं टेप लावला, पुन्हा लावला.

"देवाजीभाऊ, हे का करून ठेवलं? साडेएकोणीस भरते."

"मंग का झालं जी?"

"वीस इंचांच्या वर होती तवर तुमची धान राखायची बंदूक. खाली गेली का मनाईचं हत्यार. दुपट्ट्याखाली लपवाले कापते ना लोक! अन् कापाची परवानगी कोठी आहे?"

अर्ध्या इंचानं माझी जात बदलली. मी तीच, घोडा तोच, देवाजी तोच.

"तोंड फुटलं होतं साहेब," देवाजी काकुळतीला आला. "मिस्त्रीले पुसा."

मिस्त्रीनं फोनवर सांगितलं, आपण जन्मात बंदूक पाहिली नाही. तेव्हा देवाजीला आठवलं. "फुटलेला तुकडा घरी आहे! चुलीपाशी!"

नंदलालच्या जिवात जीव आला. "मंग आणू तो. गुन्हा त राहीलच, पण कायले कापली थे साहेबाले दिसलं पाहिजे."

देवाजीला बाकावर बसवून नंदलाल आणि एक शिपाई जीप घेऊन निघाले. मी टेबलावर होते. पार्वताबाई दुसऱ्यांदा चूल पेटवत असावी, कारण मला श्वास लागत होता. एकाएकी तो अर्ध्यात तुटला. मला धावल्यासारखे हिसके बसले. मग गार पाणी शिरलं, आणि त्यामागून चिखल. तोच, बांधावरचा.

जीप रिकामीच परतली. मागोमाग पार्वताबाई कुणाच्या तरी मोटारसायकलवर आली. घाम पुसत, जरा अभिमानानंच ती देवाजीच्या कानाशी म्हणाली, "भेव नोका. गाडी पाह्यली अन् फुकनी बोडीत फेकून देल्ली. तुमचं नाव येऊ नाई म्हणून."

देवाजी हळूच म्हणाला, "पार्वता, मले सोडवाले तेच एक होतं वो."

ती तिथंच फरशीवर बसली. तिला तो एक शब्दही रागानं बोलला नाही. बोलला असता तर मला सोसलं असतं.

देवाजी आता जामिनावर आहे. नंदलाल सांगतो, तो रोज त्या बोडीत, गावच्या तळ्यात, छातीभर पाण्यात उतरून चिखल चाचपतो. पार्वताबाई पाळीवर, काठच्या बांधावर, उभी राहून जागा दाखवते. लोक हसतात. नंदलालनं सांगायची गरज नाही. पाणी हललं की मला इथं, कोरड्या खोलीत कळतं.

पण घाबरलेल्या बाईचा हात लांब गेला होता, हे तिलाही ठाऊक नाही. ती पाळीजवळची जागा दाखवते. मी तर पलीकडे आहे. माझ्याभोवती शिंगाड्याच्या वेलांची मुळं गुंडाळली आहेत.

आयुष्यभर मी मोठ्यानं ओरडले आणि ते कोसभर ऐकू गेलं. आता हळू बोलतेय, तर ऐका. त्या बाजूला गेलात आणि पाण्यात वाकलेला माणूस दिसला, तर हसू नका. त्याला एवढंच सांगा: देवाजी, शिंगाड्यांकडे सरक. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि माझं तोंड गंजत चाललंय.